दार न उघडणारी आई

रविवार, संध्याकाळ

आमची मुलगी मुक्ता गेल्यापासून मी कुठं जात नाही, म्हणून नणंद सुनीता कन्नडहून आली आणि मला ओढूनच सिनेमाला घेऊन गेली. सिनेमा भुताचा निघाला. त्यात एका बाईची मेलेली पोर रोज घरी येते आणि दार वाजवते. बाई दार उघडतच नाही.

सगळं थिएटर किंचाळत होतं. सुनीतानं माझा हात धरला. "वहिनी, चला बाहेर. मला खरंच ठाऊक नव्हतं."

"बस गं. बघू दे."

मला भीती वाटलीच नाही. ही दार का उघडत नाही, एवढंच डोक्यात. क्रांती चौकात रिक्षा थांबली तेव्हाही तेच. आताही तेच. तुझीच पोर आहे ना? मग उघड की.

घरी ह्यांनी विचारलं, "कसा होता?" मी सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मुक्ता अंधाराला लई भ्यायची."

वर्षभरात त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं.

"व्हय," मी म्हटलं. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही.