बाजाराच्या दिवशीचा फुटबॉल

बाबा, तो गोल तुम्ही नेमका कोणत्या पायाने मारला होता?

हे विचारायला फार उशीर झाला, हे मला कळतं. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं होत आली. पण हिवाळा सुरू झाला आणि एक दिवस गावातली चार मंडळी दुकानात येऊन बसली. शाळेमागच्या मैदानावर तुमच्या आठवणीत सामने भरवायचे ठरले होते. "ताई, तुमी दोन शब्द बोलाच. आमी त्याईले पाह्यलं, पण तुमी त्याईची लेक होय," असं म्हणाले. मी हो म्हटलं, चहा पाजला, आणि ते गेल्यावर परकराच्या कापडाची अर्धी घडी हातात धरून बसून राहिले. बोलणार काय? मी तुम्हाला खेळताना एकदाही पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच आजीने तुम्हाला मंदिरात नेऊन नियम घ्यायला लावला होता, की यापुढे मैदानात पाय ठेवणार नाही. व्यापाऱ्याच्या मुलाने चड्डी घालून गावासमोर पळावं, हे आजोबांना कधी पटलं नाही, एवढंच घरात सांगितलं जायचं. मला माहीत असलेले तुम्ही म्हणजे दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलेले, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारे, बस डोळ्यांदेखत निघून गेली तरी तिच्यामागे न धावणारे. अशा माणसाला सगळं गाव 'वाघ' का म्हणत होतं, याचं मला लहानपणापासून कुतूहल होतं. विचारलं की तुम्ही हसायचे आणि मीटरपट्टी उचलायचे.

मग मी ज्यांनी तुम्हाला पाहिलं त्यांनाच विचारायचं ठरवलं. समोरच्या सलूनमध्ये दुपारी म्हातारे जमतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. मी नुसतं विचारलं, "बाबांचा तो वाशीमवाल्यांविरुद्धचा गोल कसा होता हो?" आणि न्हाव्याने समोरच्याच्या गालावर साबण तसाच ठेवून वस्तरा बाजूला ठेवला.

"डावा पाय," तो म्हणाला. "मी गोलच्या मागं उभा होतो."

"तू कायचा उभा होता! तू बाभळीवर चढला होता," साबण लावलेला माणूस आरशातून म्हणाला. तो पूर्वी एसटीवर ड्रायव्हर होता. "डोकं लावलं होतं त्यानं. हेड. ताई, त्या दिवशी म्या मैदानाच्या बाजूले गाडी उभी केली अन कंडक्टरले सांगतलं, गाडी गरम झाली. पॅसेंजर उतरले, टपावर चढले. कोणी एका शब्दानं बोललं नाई."

"अर्ध्या मैदानातून मारला होता," कोपऱ्यातला तिसरा म्हणाला. त्याला आता डोळ्यांनी दिसत नाही. "असा वर गेला बॉल, असा. मंग आला खाली."

ते भांडत राहिले आणि मी तिघांचे चेहरे पाहत राहिले. तिघांनी तीन गोल पाहिले होते आणि तिघांचे हात मात्र सारखेच वर गेले होते. शेवटी न्हावी वैतागून म्हणाला, "आमाले कायले विचारता? ज्यानं खाल्ला त्याले जाऊन विचारा ना. अनसिंगचा गोलकीपर, वाशीमकडून खेळत होता तो. आहे अजून."

अनसिंगचं नाव ऐकून मला नवल वाटलं नाही. तुम्ही दर आठवड्याला तिथल्या बाजारात लुगड्यांचा आणि धोतरांचा गठ्ठा घेऊन जायचे. मला तो दिवस अजून दिसतो. सकाळी तुम्ही निघता, दिवस कलता कलता परत येता, चपला काळ्या मातीने भरलेल्या असतात. आई तुमच्या पिंढऱ्यांना कोमट तेल चोळते आणि अनसिंगच्या बाजाराला शिव्या देते. "दिवसभर उनात उभं ठेवतात मेले माणसाले." तुम्ही डोळे मिटून पडून असता. बाकीच्या दिवसांपेक्षा त्या दिवशी तुम्ही जरा जास्त जेवता, जरा जास्त हसता. विक्री चांगली झाली असेल, असं आम्ही समजायचो.

आणखी एक दिवस सांगते. तुम्हाला आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. मी नववीत होते. खो-खोच्या संघात माझी निवड झाली होती आणि अमरावतीला खेळायला जायचं होतं. आजोबांनी बाहेरच्या खोलीतूनच नाही म्हटलं. मी स्वयंपाकघरात तुमच्या पाटासमोर येऊन उभी राहिले, कारण मला वाटलं होतं की हे घरात कोणाला समजेल तर तुम्हालाच. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. तुम्ही ताटातून वर पाहिलं नाही. म्हणाले, "सोडून दे. सोडलेलं चार दिवस दुखते, मंग नाई दुखत. मी सोडलंच ना? मेलो काय?" आवाज चढवला नाही, पण तसं तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. मी रडले नाही. ज्याने स्वतः सोडलं तो सांगतोय म्हणजे खरं असणार, असं मानून मी सोडून दिलं. पुढे कॉलेज सोडावं लागलं तेव्हा तेच वाक्य स्वतःला ऐकवलं. नंतरही कितीदा तरी ऐकवलं. चार दिवस दुखतं, मग नाही दुखत. बहुतेक वेळा ते खोटं निघायचं. तेव्हा मला वाटायचं, बाबांइतका धीर आपल्यात नाही.

तर मागच्या आठवड्यात मी मालेगावहून निघाले आणि वाशीमला बस बदलून अनसिंगला गेले. घर शोधायला त्रास झाला नाही, गोलकीपर म्हटल्यावर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं. उंच माणूस, आता पाठीत वाकलेला, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. हाताची दोन बोटं वाकडी. मी तुमचं नाव सांगितलं तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आत हाक मारली, "चहा ठेव वं, मालेगावची पोट्टी आली." पन्नाशी ओलांडलेल्या मला पोट्टी म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. मला एकदम बरं वाटलं.

मी विचारलं, "काका, तो गोल कोणत्या पायाचा होता?"

तो हसायला लागला, त्याला ठसका लागला. "पायाचा? गुडघ्याचा! म्या त्याच्या उजव्या पायाकडं पाहून राह्यलो होतो, म्हणून उजवीकडं पडलो. बॉल आला, त्याच्या गुडघ्याले लागला अन डावीकडून गेला. त्याले बी नाई समजलं. मी त्याच्याकडं पाहे, तो माह्याकडं पाहे, अन सारं गाव नाचून राह्यलं होतं."

मीही हसले. एवढंच विचारायला आले होते, आता निघावं, असं म्हणत होते, तर तो म्हणाला, "म्हणून तं मंग तो इथं आला."

"कुठे?"

"इथं. बाजारात गठ्ठा घेऊन आला, दुकान लावलं अन मले शोधत घरी आला. म्हणे, तो गोल काही खरा नाई. तुले एक खरा गोल मारून पाह्यतो. मंग गेलो पडीतात. अन मंग काय, दर बाजारी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "दर बाजारी म्हणजे? किती दिवस?"

"दिवस?" त्याने बायकोकडे पाहिलं. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "आमची तिन्ही लेकरं मोठी झाली, लग्नं झाली. शेवटी शेवटी ते चालत चालतच मारत होते, अन हे उभ्या उभ्याच अडवत होते."

बाबा, मी हातातला कप खाली ठेवला. तुम्ही तर नियम घेतला होता. मी तेच विचारलं. तो म्हणाला, "म्या बी विचारलं होतं. तं म्हणे, नियम मैदानाचा हाय, पडीताचा थोडीच हाय!"

त्याने मला ती जागा दाखवली. गावाबाहेरच्या नाल्यापलीकडे त्याच्या शेताचा एक खडकाळ तुकडा, जिथे काही पिकत नाही. दोन कडुनिंब, त्यांच्यामध्ये गोल. दुपारी बाजार ऐन भरात असताना तुम्ही शेजारच्या भांडेवाल्याला दुकानावर बसवून इथे यायचे, धोतर खोचायचे आणि अनवाणी पायाने बॉल मारायचे. पाहायला कोणी नाही. ओरडायला कोणी नाही. मी तिथे उभी राहिले आणि मला आधी हसू आलं, आणि मग असा राग आला की कानशिलं तापली. सोडलंच ना मी, असं म्हणाले होते तुम्ही. मी त्याला विचारलं, "काका, ते कधी घरचं काही बोलायचे का?"

"नाई. खेळताना कायचं बोलणं." त्याने पायाने एक खडा बाजूला केला. "एकदा बोलला. तू खो-खोले जाणार होती ना कुठं?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी आला अन बॉल घेऊन बांधावरच बसला. म्या म्हटलं, काहून बा, मारत काहून नाई? तं म्हणे, काल पोट्टीले सांगून आलो का सोडलेलं दुखत नाई. म्या म्हटलं, मंग? तं म्हणे, मंग मी इथं काय करून राह्यलो?" त्याने वाकड्या बोटांनी डोळे पुसले. "एक बॉल मारला नाई त्या दिवशी. गेला. पुढच्या बाजारी पडीतात आला नाई, त्याच्या पुढच्या बाजारी बी नाई. मंग आला. म्हणे, राह्यवत नाई."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तुम्ही घरी येऊन मला का नाही सांगितलं? आजोबांना भ्यायले? आजीला दिलेला शब्द होता म्हणून? की मला जाऊ दिलं असतं तर तुम्ही स्वतः का सोडलं, याचं उत्तर द्यावं लागलं असतं? तुम्ही बांधावर बसलेले मला दिसत राहिले, तेव्हाचे, माझ्या आजच्या वयापेक्षाही लहान. त्या माणसाला रागवायचं कसं, ते मला कळेना.

आईला सांगितलं. ती आता फार बोलत नाही, पण हे ऐकून उठून बसली. "म्हणजे बाजारात उभं राहून पाय दुखत नव्हते? अन मी येडी, तेल चोळत बसत होती?" बराच वेळ ती तुमच्यावर चिडलेली होती. तोंडाने बडबडत होती, माझ्याकडून शाल हिसकावून अंगावर ओढून घेतली. मग भिंतीकडे तोंड करून पडली आणि तिकडूनच विचारलं, "जिंकत कोण होतं?"

काल सामने झाले. मैदान भरलं होतं. पोट्टे तुमचा फोटो लावून बसले होते, तोच दुकानातला, टोपी घातलेला. मी माइकवर गेले आणि गुडघ्याचं सांगितलं. ड्रायव्हर उभा राहून म्हणाला, "हेड होतं!" आणि सगळे हसले. मग मी पडीताचं सांगितलं. तुम्ही फुटबॉल कधीच सोडला नव्हता, हे सांगितलं. हसू थांबलं. न्हावी पुढे आला. "आमाले काहून नाई सांगतलं त्यानं? अनसिंग काय दूर हाय? आमी आलो असतो ना ताई. पाह्यले आलो असतो." कोणी तुमच्यावर रागावलं नाही, पण सगळ्यांचे चेहरे दुखावलेले होते, आणि मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या टाळ्या तुम्हाला आवडल्या असत्या की तुम्ही तिथून उठून निघून गेले असते, हे मला अजूनही सांगता येत नाही. तुमच्याबद्दल मला आता पूर्वीपेक्षा जास्त माहीत आहे आणि प्रश्न मात्र वाढलेच आहेत.

बांधावरची गोष्ट मी माइकवर सांगितली नाही. आईलाही नाही. ती माझ्यापुरती ठेवली आहे.

आता उजाडलं आहे, दुकान उघडायला हवं. हे कागद घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवून देईन, दुसरीकडे कुठे ठेवणार. फक्त एक कबूल करते. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात त्याचा राग त्या पडीतातच गेला. राहिला आहे तो दुसराच. एखाद्या बाजारी मलाही सोबत न्यायचं होतं, बाबा. मी कोणाला सांगितलं नसतं.