डावीकडची सीट

३ मार्च, सोमवार

आली एकदाची! दोन दारं, दोनच सीटा, आणि उंची माझ्या कमरेइतकी. रंग राखाडी – ओल्या पाटीचा असतो तसा. शोरूमवाला त्याला काहीतरी लांबलचक नाव सांगत होता, मी ऐकलं नाही. फाटकाच्या आत उभी आहे. जेवण झाल्यापासून तीनदा जाऊन बघून आलो.

आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. बाहेर येणं त्याहून कठीण. उठताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो इंजिनापेक्षा मोठा होता – असं ही म्हणाली. खिडकीत उभी राहून मजा बघत होती.

मी म्हटलं, ये ना, एक चक्कर मारू.

"आधी पंधरा दिवस चालवा. एकही ओरखडा न लावता. मग बसते."

"आणि लागला तर?"

"तर परत पहिल्यापासून पंधरा."

पस्तीस वर्षं वॉर्डात नर्स होती. अट घातल्याशिवाय साधी गोळीसुद्धा देत नाही कुणाला!

४ मार्च

किल्ली खिशातच ठेवायची, लावायची नाही. बटण दाबायचं. तरी दोनदा स्टिअरिंगखाली भोक शोधत बसलो.

६ मार्च, गुरुवार

डावा पाय बेकार झाला आहे. या गाडीला क्लच नाही. छापखान्याच्या व्हॅनवर जन्म गेलेला पाय – त्याला काम लागतंच. आज चौकात सवयीने दाबला तो पडला ब्रेकवर. मी जवळजवळ काचेवर. मागचा गाडीवाला जे बोलला ते वहीत उतरवण्यासारखं नाही.

येताना बाजाराची पिशवी डाव्या सीटवर ठेवली. कलिंगड आणि दोन किलो बटाटे. निघालो तर गाडी किंचाळायला लागली. थांबलो, दोन्ही दारं उघडून लावली, डिकी बघितली. गप्प बसेना. मग उमजलं – तिला वाटत होतं तिथे माणूस बसलाय, त्याला पट्टा लावा! लावला. कलिंगड ऐटीत घरी आलं.

ही हसता हसता खुर्चीत बसली. "म्हणजे माझ्याआधी कलिंगडाचा नंबर लागला तर!"

मीही हसलो. पण ती सीट मनातून जात नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. मुलीची शाळा, माझ्या आईचा दवाखाना, पावसापाण्यातली रात्रपाळी – सगळीकडे ही आपली छोटी गाडी स्वतः चालवत गेली. माझ्या व्हॅनमध्ये कागदाची रिमं. पुढच्या सीटवरसुद्धा रिमं. हिला तिथे जागा म्हणून नव्हती कधी. छापखाना विकला तेव्हाच ठरवलं होतं, आता गाडी घ्यायची ती अशी, की जिच्यात हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जागाच नसेल. हे तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, म्हातारा चळलाय.

९ मार्च, रविवार

सकाळी सातवीचं पाठ्यपुस्तक काढलं. पुठ्ठा मीच दोनदा बदललाय. कविता मोठ्याने म्हणत बसलो. आपले कवितेचे सर आठवले. नदीवरची कविता चालली होती, आणि बाहेरच्या रस्त्यावरून एक बुटकी, लांब नाकाची, उघडी गाडी गेली – आयुष्यात पहिल्यांदा पाहिली मी तशी. सगळा वर्ग खिडकीशी. आता मार बसणार! सर फळ्यापाशी तसेच उभे. म्हणाले, "बघून घ्या रे पोटभर. कविता कुठे पळून जात नाही." मग स्वतःच खडू ठेवून खिडकीशी आले.

त्या गाडीत दोघं होती. तो चालवत होता आणि ती डोक्यावरचा रुमाल हाताने धरून काहीतरी सांगत होती. काय सांगत असेल, याचा विचार मी त्या वर्षभर केला. गणितात नापास झालो.

१२ मार्च, बुधवार

गेलं! नऊ दिवस झाले होते. फाटकातून आत येताना डावा आरसा खांबाला घासला. खांब तोच, फाटक तेच. गाडीच रुंद बांधली आहे मेल्यांनी.

ही बाहेर आली, आरशावरून बोट फिरवलं. "एक," म्हणाली आणि आत गेली.

१३ मार्च

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मेकॅनिक भला माणूस आहे. पन्नाशीचा, चष्मा कायम कपाळावर. आरशाचा कोन बदलून दिला. म्हणाला, "काका, नवीन गाडी म्हणजे नवीन चप्पल. थोडी चावणारच."

१६ मार्च

नवीन तक्रार. डावीकडे काही नसताना गाडी पिंगपिंग ओरडते. मान वळवून बघावं तर खरंच एखादा सायकलवाला असतो! कुठून उगवतात हे लोक, कळत नाही. पूर्वी रस्त्याने माणसं येताना दिसायची, आता एकदम उपटतात.

वर्तमानपत्र वाचणं सोडलं. हल्ली कुणाला वाक्यच धड लिहिता येत नाही. एका ओळीचा दुसरीला पत्ता नसतो. माझ्या छापखान्यात असं पान निघालं असतं तर मी ते गठ्ठ्यासकट फाडलं असतं.

१९ मार्च, बुधवार

डावं पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं. चकतीवर हातभर लांब ओरखडा.

"दोन," ही म्हणाली. पण या वेळी हसली नाही. मी जेवताना ती माझ्याकडे बघत होती. भात संपला म्हणून मी ताट सरकवलं, तर तिने ते नुसतं अर्धं फिरवलं. भात होता की! अर्धा तसाच होता. लक्षच नसतं माझं.

आजपासून परत पंधरा. तीन एप्रिलला पुरे होतील. आता डोळ्यांत तेल घालून चालवणार.

२४ मार्च

पाच दिवस निर्मळ. गतिरोधकावरून गाडी तिरकी न्यायची, म्हणजे पोट घासत नाही, ही युक्ती स्वतःच शोधली. पेट्रोल पंपावरच्या बाईने विचारलं, "आजोबा, नातवाची का?" म्हटलं, नातवाला हात लावू देत नाही!

२८ मार्च, शुक्रवार

हे फक्त इथेच लिहितो आहे.

दवाखान्यामागच्या गल्लीत डावं दार एका हातगाडीला लागलं. हातगाडी उभी होती, रिकामी होती, हिरवी होती. एवढी मोठी हिरवी वस्तू मला दिसली नाही. कुणाला लागलं नाही.

घरी न येता थेट मेकॅनिककडे. त्याने पॉलिश मारून दिलं, तासाभरात डाग दिसेनासा झाला. मी निघालो तेव्हा त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "काका, तीनही वेळा डावीकडेच. एकदा उजवीकडे घासून आणा, म्हणजे मला बरं वाटेल."

मी हसण्यावारी नेलं. तो हसला नव्हता.

हिला सांगितलं नाही. सहा दिवस राहिलेत. सेहेचाळीस वर्षांत मी हिच्याशी खोटं बोललो नाही असं नाही, पण ओरखड्यावर पॉलिश मारून कधी बोललो नव्हतो.

२ एप्रिल

उद्या पंधरा. झोप नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

बसली.

जांभळी साडी नेसली होती. सीटवर टेकली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर जमिनीवरच बसवलं मला!" पट्टा तिने स्वतः लावला. गाडी एकदाही किंचाळली नाही. मी सावकाश काढली, तळ्याच्या बाजूने. ती बोलत होती. काय काय बोलत होती – तळं आटलंय, ती नवी इमारत किती भिकार, वळण आलं, दूधवाला चाललाय. माझ्या मनात आलं, त्या गाडीतली रुमालवाली हेच असलं काही सांगत असेल. मी नुसता ऐकत होतो. इतका सुखी होतो की नदीच्या कवितेची एक ओळ ओठांवर आली होती.

तेवढ्यात ती ओरडली, "अहो! डावीकडे!"

मी दाबला ब्रेक. एक बाई होती, लहान मुलीचा हात धरून, आमच्या दिव्यापासून हातभरावर. मुलीचा फुगा बॉनेटवर टेकला, घरंगळला, पुढे गेला. त्या बाईने मुलीला कडेवर उचललं आणि गेली.

हिने गाडी कडेला घ्यायला लावली. रागावेल म्हणून मी खाली बघत होतो. ती वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे वळू नका. समोर त्या झाडाकडे बघा. किती बोटं दिसतात?"

मी विचारलं, "कुठे आहेत बोटं?"

 मग माझ्या नाकासमोर, अगदी नाकाच्या रेषेवर, एक हात हळूहळू उगवला. दोन बोटं. हात मघापासून वर धरलेला होता.

परत येताना तिने चालवली.

७ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण घाईत नव्हत्या. डोळे शाबूत आहेत म्हणाल्या. मेंदूत, पार मागे, एक छोटा झटका येऊन गेलाय. केव्हा, ते मलाही कळलं नसणार. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं गेलं. अंधार नाही, काळं नाही – नुसतं नाही.

"परत येईल?"

"इतक्या दिवसांनी अवघड आहे. नवा झटका येऊ नये म्हणून गोळ्या आहेत. गाडी मात्र बंद."

त्यांनी वर्तमानपत्र वाचायला दिलं. वाचलं. हिने खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं, प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द मी सोडत होतो.

घरी येऊन पाठ्यपुस्तक काढलं. म्हटलं, बघ, हे तर सगळं वाचता येतं! नदीची कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा. एक शब्द चुकला नाही. हिने पुस्तक माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि मिटलं.

"तुम्ही ते वाचत नव्हता हो," म्हणाली.

म्हणून कळलं नाही इतके दिवस. पाठ असलेल्या जगात मी चालवत होतो.

८ एप्रिल

हातगाडीचं सांगून टाकलं. पॉलिशचंही.

"ओरखडा दिसला होता मला. उन्हात तिरकं बघितलं की दिसतो."

"मग तरी बसलीस?"

"फिरायला नव्हते बसले. तुमच्या डाव्या बाजूला काय होतं ते बघायला बसले होते." मग म्हणाली, "ताट फिरवलं त्या दिवसापासून धास्ती होती. सरळ दवाखान्यात चला म्हटलं असतं तर आला असतात?"

नसतो आलो.

म्हणजे ती जांभळी साडी, ते तळं, ती नवी इमारत, दूधवाला – सगळं मला दिसतंय का ते बघण्यासाठी. मी आपला सुखी!

मग मीही सांगितलं, दोनच सीटा का घेतल्या ते. ती उठून आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

१३ एप्रिल

गाडीवर कापड घातलं. शोरूमवाल्याला फोन केला, परत घेतो म्हणाला. ही भाजी चिरत होती, ऐकत होती.

१६ एप्रिल

शोरूमवाला न्यायला आला होता. हिने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "अजून माझं फिरणं व्हायचंय," म्हणाली म्हणे.

२० एप्रिल, रविवार

आज फिरायला गेलो. ती चालवत होती, मी डावीकडे. या बाजूने ती सबंध दिसते – कान, कानामागची पांढरी बट, स्टिअरिंगवरचे दोन्ही हात. कुठेच काही कापलं जात नाही. ती काहीबाही सांगत होती. कुठला रस्ता होता कोण जाणे. मी बघितलाच नाही.