दात गेलेले आठ विळे

संतपूर,
मंगळवार, संध्याकाळ

प्रिय भीमाशंकर,

तुला आणि रूपाला अक्काचे आशीर्वाद. पाठ कशी आहे? खुर्चीत ताठ बसत जा, औषधे नंतर. मी ठणठणीत आहे. फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या बीदर बसच्या कंडक्टरकडे देणार आहे. पूर्ण वाचल्याशिवाय हसायचे नाही.

आपल्या तीन एकरांतले सोयाबीन वाळून उभे आहे. उन्हात शेंगा तडतड फुटतात. (चार दिवसांत कापले नाही तर पीक चिमण्यांचे.) काल चांगुणाबाईची आठ बायकांची टोळी लागली आणि संध्याकाळी आपापले विळे गोठ्यात ठेवून गेली. मी एक उचलून पाहिला. कड सगळी खडबडीत, खाचाच खाचा! मला गबाळेपणा खपत नाही हे तू जाणतोस. पस्तीस वर्षे मुलींना शास्त्र शिकवले आहे. धार कशी असावी हे मला कुणी सांगायला नको. निसण्याच्या दगडावर पाणी शिंपडत मी आठही विळे घासले, कड आरशासारखी होईपर्यंत. मग तेल चोळले, फडक्यात गुंडाळले. (बोटाला दोन चिरा पडल्या, म्हणजे धार लागली होती हे सिद्धच झाले.)

आज सकाळी चांगुणाबाईने पात्यावरून अंगठा फिरवला.

"अक्का, इळ्याचे दात कुठं गेले?"

"खाचा होत्या. काढल्या."

"अगं बाई! दात पाडून हुरडा खा म्हणायलाव व्हय?"

त्या खाचा लोहाराने मुद्दाम पाडलेल्या असतात म्हणे, करवतीसारख्या. वाळल्या देठावर गुळगुळीत पाते घसरते. (आप्पांनी मला पुस्तकाला लावले आणि तुला विळ्याला. चूक कुणाची ते तूच ठरव.) तरी त्यांनी कापून पाहिले. विळा घसरे, झाडाला हिसका बसे, शेंगा फुटत. तासाभरात सगळ्या जणी शेजारच्या गुंडेरावाच्या रानात त्याच्या विळ्यांनी कापायला गेल्या. तो बांधावरून ओरडला, "बाई, आमचे इळे बी घासून देताव का?" मी त्याची शेळी आपल्या बांधावरून हाकलली.

धारेबद्दलचे माझे तत्त्व बरोबरच आहे. सोयाबीनला ते ठाऊक नाही, एवढेच. मला कशाचीही गरज नाही. काळजी नसावी.

तुझी अक्का,
मल्लेश्वरी

ता. क. : गावचा लोहार लेकीकडे उदगीरला गेला आहे. पत्र हाती पडताच बाजारातून आठ दातेरी विळे घे आणि दुपारच्या बसने स्वतः ये. दात बोटाने तपासून घे.

आणखी ता. क. : चांगुणाबाई आत्ताच येऊन गेली. गुरुवारी त्या परत येतील. अट एकच : मीही त्यांच्या रांगेत एक पात (एका बाईच्या वाट्याचा पट्टा) कापायची, माझ्या धारेच्या विळ्याने. मी तिथल्या तिथे हो म्हटले. ती गेल्यावर गोठ्यामागची सोयाबीनची चार झाडे त्याच विळ्याने कापून पाहिली. आठ नको, नऊ आण. नववा तिला दिसता कामा नये.