मेव्हण्याच्या सायकलवरचा चिखल

३० जून, सोमवार
डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. रोज चाला, नाहीतर सायकल चालवा, म्हणाले. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढलेल्या माणसाची शुगर वाढणारच. मी सायकल निवडली. चालायला कंटाळा येतो असं नाही, पण वेळ फार जातो.

सायकल घरात आहेच. मेव्हणे जयराज फौजेत नायब सुभेदार आहेत. दोन वर्षांपूर्वी बदली झाली तेव्हा आपली गिअरची निळी सायकल आमच्या मागच्या खोलीत चादर घालून ठेवून गेले. कराडातल्या आमच्या घरापासून कारखाना साडेआठ किलोमीटर.

बायको संयोगिता म्हणाली, आधी जयाला विचारा. मी म्हणालो, सरहद्दीवरच्या माणसाला सायकलीसाठी फोन करू नये. आपल्याला काही देशप्रेम आहे की नाही.

२ जुलै, बुधवार
पहिली फेरी. ४१ मिनिटं. जाताना छान वाटलं. येताना पाऊस. सर्व्हिस रोडला पुलाचं काम, पुढे काळी माती. घरी पोचलो तेव्हा सायकल निळी होती हे फक्त मलाच माहीत होतं. शर्टावर पाठीपासून मानेपर्यंत चिखलाची रेघ.

सायकलच्या दुकानात चौकशी केली. धुऊन, तेलपाणी करून साडेसातशे म्हणाला. माती काढायचे पैसे मी देणार नाही. संकल्प: स्वतःची पद्धत शोधणे. पाच मिनिटांत, जवळजवळ फुकट. सिद्ध झाली की ऑफिसच्या ग्रुपवर टाकीन. बरेच लोक उत्सुक असतील.

३ जुलै, गुरुवार
पद्धत पहिली: काहीच न करणे. चिखल वाळला की आपोआप गळून पडतो.

४ जुलै, शुक्रवार
गळून पडला. मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि देवघरासमोर. जो पडला नाही त्याची वीट झाली आहे. संयोगिताने झाडू माझ्या हातात दिला आणि देवघराकडे बोट केलं. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

५ जुलै, शनिवार
उलथनं उत्तम चालतं. वीट सपासप निघाली. चिखलाबरोबर थोडे निळे कपचे पडले. इकडच्या मातीत काहीतरी खनिज असावं.

संयोगिता उलथनं शोधत होती. मीही थोडा वेळ तिच्याबरोबर शोधलं.

७ जुलै, सोमवार
आमच्या वर्कशॉपचा फिटर बिराप्पा लोखंड पुसायला डिझेल वापरतो. पाण्याच्या बाटलीतून अर्धा लिटर आणलं. जुन्या बनियनने सगळी सायकल पुसली. चाकांच्या मधल्या त्या ब्रेकच्या चकत्यासुद्धा आरशासारख्या केल्या. वेळ: सहा मिनिटं. पद्धत सापडली असं म्हणायला हरकत नाही.

८ जुलै, मंगळवार
ब्रेक लागले नाहीत. उतारावर दोन्ही दाबले, सायकल आणखी जोरात गेली. समोर म्हैस. मी डावीकडच्या उसात जायचा निर्णय घेतला. म्हशीने मान वळवून पाहिलं.

बिराप्पाला सांगितलं तर त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, साहेब, ब्रेकला डिझेल लावत्यात व्हय? मरायची गडबड हाय का काय? त्याला सायकलीतलं फारसं कळत नसावं. त्याची मोटरसायकल आहे.

हाताला खरचटलं आहे. घरी म्हणालो, फाइल लागली.

९ जुलै, बुधवार
उतारावर आता उतरून चालतो. साखळी करकर करते. तेल हवं. सायकलचं तेल वेगळं विकत घ्यायचं म्हणजे निव्वळ फसवणूक. तेल ते तेल. शेंगदाण्याचं घातलं, सढळ हाताने.

१० जुलै, गुरुवार
साखळीला गोडं तेल आणि त्यावर रस्त्याची धूळ. काळी चटणी झाली आहे. पँटची उजवी बाजू गेली. सायकल उभी होती तिथली भिंतही गेली. मागच्या खोलीत मुंग्या.

११ जुलै, शुक्रवार
संध्याकाळी फोन. जयराज रविवारी, २० तारखेला येतात. महिन्याची रजा. संयोगिताने फोन माझ्याकडे दिला.

म्हणाले, दाजी, गुडघ्याच्या आपरेशनला आता सहा महिनं झालं. डाक्टरनी परवा सायकलची परवानगी दिली. सत्तावीस तारखेला साताऱ्यातली आमची जुनी बॅच ठोसेघरला सायकलवर जाणार हाय. हितं खाटंवर पडून दुसरं कायबी डोक्यात न्हवतं बगा. सायकल बरी हाय न्हवं?

मी म्हणालो, आहे तशीच आहे.

फोन ठेवल्यावर संयोगिता माझ्याकडे वळली. ऑपरेशनचं तुम्हाला मी सांगितलं होतं, म्हणाली. सांगितलं असेल. पायाचं काहीतरी आहे एवढं आठवत होतं.

१२ जुलै, शनिवार
आठ दिवस आहेत. आठ दिवस भरपूर झाले. आजपासून सायकल वापरायची नाही, फक्त स्वच्छ करायची. गाड्या धुवायच्या सेंटरवर नेली. तिथला माणूस म्हणाला, सायकलला जोराचं पाणी मारू नये, आत जातं. मी म्हणालो, मारा, पैसे मी देतोय. मुंग्या गेल्या. चटणी गेली. फार समाधान. दोन दिवस बघायचीसुद्धा नाही.

१५ जुलै, मंगळवार
बघितली. मागचं चाक फिरवलं की आतून दळण दळल्यासारखा आवाज येतो. साखळी तांबडी. उलथन्याने ज्या ज्या जागी खनिज निघालं होतं त्या सगळ्या जागा तांबड्या.

जेवण गेलं नाही. शुगरच्या दृष्टीने चांगलंच.

१६ जुलै, बुधवार
मोबाइलवर पाहिलं: गंजावर लिंबू आणि मीठ. सहा लिंबं पिळली. रात्रभर ठेवायचं आहे.

१७ जुलै, गुरुवार
पहाटे पाचला उठून बघायला गेलो. आता सगळीच तांबडी आहे. पूर्वी जिथे गंज नव्हता तिथेही आहे.

दुकानात गेलो, साडेसातशे द्यायची तयारी ठेवून. दुकानदाराने चाक एकदा फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, आता साडेसातशेत न्हाई व्हायचं. सामान मागवाय लागंल, पंधरा दिवस तरी. येताना सायकल हातात धरून चालत आलो. बसायची इच्छा झाली नाही.

खरं सांगून टाकावं का? फोन हातात घेतला होता. पण माणूस परवा गाडीत बसणार. प्रवासात मनस्ताप नको.

१८ जुलै, शुक्रवार
बिराप्पाकडे चंदेरी रंगाचा डबा उरला आहे, पाइपांना मारतात तो. कशाला पायजे, त्याने विचारलं. मी म्हणालो, घरचा पाइप आहे. उद्या शनिवार, अर्धी रजा. रंग, एक रात्र वाळवणे, रविवारी सायकल तयार. निळी नसेल, पण बदल कुणाला आवडत नाही?

१९ जुलै, शनिवार
सव्वातीनला रंगवायला बसलो. सांगाडा, चाकाच्या तारा, पायडल. साखळी तांबडी दिसत होती म्हणून तीही. हात कोपरापर्यंत चंदेरी. पावणेपाचला मागे आवाज आला, आक्का, दाजी कुठं हायती?

एक दिवस आधीची गाडी मिळाली म्हणे.

मी उठून उभा राहिलो. नमस्कार करायला हात जोडले ते जोडलेलेच राहिले, चिकटले. जयराज किंचित लंगडतात. सायकलजवळ आले, खाली वाकायला त्यांना वेळ लागला. मागचं चाक फिरवलं. दळण. साखळीला बोट लावलं, बोट चंदेरी झालं.

दाजी, साखळीबी रंगवलीसा?

मी म्हणालो, एकसारखं दिसावं म्हणून.

ओरडले असते तर बरं झालं असतं. खाली फरशीवर बसले. म्हणाले, आपरेशननंतर चार महिनं पाय हालत न्हवता. मोबाइलात हिचा फोटू ठेवला हुता. तेवढा बघायचा आन झोपायचं.

संयोगिताने आत जाऊन रॉकेलचा डबा आणला. मला वाटलं सायकलीसाठी. माझ्या हातांसाठी होता. हात ती पुसत होती पण माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हणालो, जयराज, चुकलं. आजपर्यंत असं वाक्य या वहीत आलं नव्हतं. फार बारीक आवाजात निघालं. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. ते म्हणाले, एक पाना द्या.

२० जुलै, रविवार
सकाळपासून दोघं बहीणभाऊ अंगणात. सायकल उलटी. सुटे भाग पेपरवर ओळीने मांडलेले. मी जवळ गेलो की दोघं बोलायचे थांबतात. चहा मी केला. साखर कुणाच्या कपात किती हे विचारायचंही धाडस झालं नाही.

संध्याकाळी जयराज सगळं पोत्यात भरून साताऱ्याला घेऊन गेले. तिथे ओळखीचा मेकॅनिक आहे.

२७ जुलै, रविवार
सायकल तयार झाली नाही. जयराज मित्रांच्या मागून जीपमधून ठोसेघरला गेले, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. संयोगिताला फोटो आला. फोटोत सगळे हेल्मेट घालून आहेत, एकटे जयराज टोपी घालून. तिने मला दाखवला. मी बराच वेळ बघितला. हवा मात्र छान होती असं दिसतं.

१७ ऑगस्ट, रविवार
उद्या जयराज परत जाणार. सायकल घेऊन आले. नवी साखळी, नवी चाकं, पुन्हा निळी. शेवटचे आठ दिवस रोज मेढ्याच्या रस्त्याला फिरवली म्हणे, गुडघा मोकळा झाला. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं झालं. मला हळूहळू वाटू लागलं की सायकल आता माझ्याकडेच ठेवतील. अनुभव आहेच.

जेवताना म्हणाले, आक्का, सायकल तुझी. तू चालीव.

संयोगिता म्हणाली, मला येत नाही. ते म्हणाले, शाळेत जाताना मला डबलशीट कोण न्ह्यायचं मग?

लग्नाला चोवीस वर्षं झाली. ही गोष्ट मला माहीत नव्हती.

२५ ऑगस्ट, सोमवार
संयोगिता रोज सकाळी सहाला सैदापूरपर्यंत जाऊन येते. आज पाऊस होता. चिखलाने भरून आली. मी घड्याळ लावून पायरीवर बसलो. अर्धी बादली पाणी, चमचाभर भांड्यांचा साबण, जुन्या साडीचा तुकडा. तिने वरून खाली पुसली, कोरडी केली, साखळीला सायकलचं तेल थेंब थेंब, वर आलेलं पुसून टाकलं. साडेपाच मिनिटं.

मी तिला सांगितलं की मूळ कल्पना हीच होती, थोडा फरक होता एवढंच. तिने ऐकून घेतलं. सायकलला हात लावायची मला परवानगी नाही. पण बादली रोज मी रिकामी करायची असं ठरलं आहे.

मी ती जास्वंदीला ओततो. शुगर तपासायला दवाखान्यात चालत जातो.