रिकामा नसेल तर पुढचा

सोमवार
नवी नोकरी, नवं गाव आणि चक्क खिडकीजवळची खुर्ची! मजा आहे बुवा. काम मृत्यूनोंदणी कचेरीतल्या संगणकाचं. नोंद भरली की ट्रिगर नावाची छोटीशी आज्ञावली आपोआप क्रमांक देते. नोंद रद्द केली की तो क्रमांक वाया जातो, मध्ये भोक पडतं. साहेबांना भोकं खपत नाहीत. म्हणाले, ट्रिगर नव्यानं लिहा. रिकामा क्रमांक आधी द्यायचा, नसेल तर पुढचा. लिहू की, त्यात काय एवढं!

मंगळवार
लिहून लिहून डोकं पिकलं. चाचणीसाठी खोटी नावं सुचेनात, मग तोंडाला आली ती ठोकली: घरमालक, कोपऱ्यावरचा न्हावी, ताई. चाचणीची वेगळी प्रत आहे, पण ती उघडायचा कंटाळा. खऱ्या नोंदींतच केलं आणि लगेच तिन्ही रद्द केली. तीन भोकं पडली. भरतील आपोआप. ताईला कळलं तर म्हणेल, मेल्या, मला जिवंतपणीच पोचवलंस!

गुरुवार
घरमालक गेले. जिन्यात पाय घसरला. परवाच बिचाऱ्यांनी माझा नळ स्वतः दुरुस्त करून दिला होता. त्यांची नोंद पहिल्या भोकात पडली. योगायोग, दुसरं काय.

शुक्रवार
न्हावी. धडधाकट माणूस. दुसरं भोक. नोंदी भरणाऱ्या बाईंना विचारलं, तर वैतागल्या. म्हणाल्या, मी यायच्या आधीच नाव भरलेलं होतं, मला वाटलं तुम्हीच भरलंत.
ताईला फोन केला. म्हणाली, जरा ताप आहे, एवढं काय घाबरायचं.

शनिवार
ट्रिगर काढून टाकला. परत आला. पुन्हा काढला— परत. साहेब म्हणाले, रजा घ्या, तोंड बघा आरशात. खरंच, फार दमलोय. ताईला दवाखान्यात हलवलंय. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. तिच्याशिवाय मला आहे कोण—

रविवार
सुचलं. तिसरं भोक रिकामंच ठेवायचं नाही. माझं नाव घातलं. घेतलं त्यानं. हायसं वाटलं. ताई वाचेल, बास.
छातीत कळ. येऊ दे—
पडद्यावर आणखी एक ओळ. मी नाही भरली. रिकामा नाही सापडला, म्हणून त्यानं— अरे नको, ताईला पुढचा क्र—