भात हेही गवतच

मसुरे,
१० नोव्हेंबर २०२३

ती. जॅनेटबाय हिस लिओनचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मेलं कोण नाही. फोन तळ्यात गेला. म्हणजे मीच फेकला, पाणकावळ्याच्या डोक्यावर. नेम चुकला. दुसऱ्या दिवशी गलोलीने नाही चुकला. तो आता बांबूवर उलटा टांगलाय आणि बाकीचे लांबून बघतात.

गेल्या महिन्यात आपलं रेडकू तळ्यातल्या गवतात पाय गुंतून बुडालं, माझ्या डोळ्यांसमोर. मी कोयत्याने गवत कापून कापून हात सोलून घेतले. आठ दिवसांत पुन्हा तेवढंच. शेवटी ते खाणारे गवत्या मासे आणून सोडले. बोटाएवढी पिल्लं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. पाणकावळे त्यांच्यावरच टपलेत. पिशव्या वाहायला खालच्या शेतातला सहदेव होता. लहानपणापासून माझ्या प्रत्येक वेडेपणाला तोच सोबत असतो. गोड्या पाण्यातला मासा इथे कुणी ताटात घेत नाही, तेव्हा चोरीची भीती नाही, असं म्हणाला.

बाय, मला त्या गवताचा सूड घ्यायचाय. एक पान शिल्लक ठेवणार नाही.

नातवाला पापा. ओरडायचं तर ओरड, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा
लिओन

सावंतवाडी,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. लिओनास अनेक आशीर्वाद.

साठी उलटली तरी तुझा हात आधी चालतो आणि डोकं मागून येतं. तो मेलेला पक्षी आधी खाली उतरव. आई असती तर त्याच बांबूने तुला झोडलं असतं.

इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून एकच सांगते. भात हेही गवतच. आपण त्याला गवत म्हणत नाही, पण माशाला ते कुठे ठाऊक? पावसात तळं भरलं की पाणी सहदेवच्या शेतात उतरतं, आणि तिथेच त्याचा भाताच्या रोपांचा तरवा असतो. ती रोपं गेली तर त्याचं वर्षाचं भात गेलं, आणि त्याच्या घरी दुसरं काही नाही. पावसाआधी तळ्याच्या तोंडाला बारीक जाळी बसव. ऐकशील असं वाटत नाही, तरी लिहिते.

तुझ्या रागाची भीती वाटते रे. सांभाळून राहा, आणि अधूनमधून बहिणीची आठवण ठेव.

तुझी
बाय

मसुरे,
१२ जून २०२४

ती. बाय हिस सा. न. वि. वि.

जिंकलो. तळ्याचा तळ दिसतो. रेडकाचा सांगाडाही दिसला, तो काढून पुरला.

मासे कोपरभर झालेत. गवत संपलं म्हणून केळीची पानं टाकतो. पान पडलं की चारी बाजूंनी येतात आणि फाडून नेतात. मी तासन्‌तास बघत बसतो. भाताला गवत म्हणणारी तुझी शिकवण सहदेवला सांगितली, तर तो पोट धरून हसला. मीही हसलो. त्याचा तरवा वर आलाय, हिरवागार. जाळी आणायला मालवणला जायचं राहून गेलं. पावसाने उसंत दिली की बघतो.

तू आहेस म्हणून कुणीतरी ओरडायला आहे. तशीच राहा.

तुझा
लिओन

सरकारी दवाखाना,
२९ जून २०२४

ती. बाय हिस सा. न. वि. वि.

अक्षर ओळखू येणार नाही. घाबरू नकोस. चिखलात घसरून पडलो, हाताला थोडं लागलं. बाकी ठीक.

लिओन

ती. जॅनेटबाय यांस सहदेवचा नमस्कार.

वरचे त्याने सांगितले तसे मी लिहिले. ते खोटे आहे.

बुधवारी सकाळी तळे भरून वाहिले. माझ्या तरव्यात पोटरीभर पाणी, आणि त्यात त्याचे मासे चरत होते. रोपे मुळासकट ओढत होते. तुम्ही म्हणाला होतात ते तेव्हा आठवले. मी कोयता घेऊन उतरलो. किती मारले ठाऊक नाही, पण हात थांबेना. पाणी लाल झाले. लिओन धावत आला. त्याला मासे दिसले, तरवा दिसलाच नाही. त्याने कुदळीचा दांडा घातला आणि माझा डावा हात कोपराजवळ मोडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग मी कोयता फिरवला. तेव्हा समोर मासा नव्हता, हे मला दिसत होते.

त्याच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. माझ्या बायकोला, कृष्णाबाईला, चिखलात दोन सापडली. डॉक्टर म्हणाले, उपयोग नाही.

पोलिसांना दोघांनीही घसरलो म्हणून सांगितले. खाटा शेजारी शेजारी आहेत. तरवा कुणाकडे उरलेला नाही, यंदा माझे शेत ओसाड राहणार. माझा राग गेलेला नाही, बाय. इथून सुटलो की तळ्यातला एकेक मासा मारीन, असे मी त्याला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, मीच मारतलंय. मी विचारले, खंयच्या हातान?

त्याने मान वळवून माझ्या धड राहिलेल्या उजव्या हाताकडे बघितले. मग म्हणाला, “तुज्या.”

आमच्यावर लोभ ठेवा. दोघांवर वेगवेगळा ठेवलात तरी चालेल.

आपला
सहदेव