मोरी तुंबल्याची खरी हकीकत

निघोजे

सौ. स्नेहलवन्सं यांना इंद्रायणीचा वाकून नमस्कार.

रहाटणीला सगळे खुशाल असालच. दाजींची कंबर कशी आहे? (डॉक्टरांनी वाकू नका म्हटलंय, म्हणजे आता घरातलं काही उचलायला नको, मजा आहे त्यांची.) फोनच केला असता, पण आपल्याकडं फोन लावला की नाना स्पीकरवर टाकायला लावतात, आणि ही गोष्ट सासऱ्यांनी ऐकण्यातली नाही. म्हणून चिठ्ठी कांद्याच्या पिशवीत घातली आहे. पिशवी आणणाऱ्या तुमच्या भावाला वाटतंय, मी लोणच्याची कृती लिहिलीय.

तर विषय तुम्ही दिवाळीला चोरून दिलेल्या पॅडच्या पुड्याचा. चाकणच्या कंपनीत सीटची कव्हरं शिवायला लागल्यापासून माझे ते दिवस म्हणजे नुसती शिक्षा. घरी कापड बदलायचं, धुवायचं, साडीखाली लपवून वाळवायचं, सगळं जमतं. कंपनीत धुऊ कुठं, आणि ओलं ठेवू कुठं, डब्याच्या पिशवीत? बसमध्ये जागा असली तरी मी उभीच यायचे. दर महिन्याला खाडे व्हायला लागले तशा तेजस्विनी मॅडम, आमच्या सुपरवायझर, म्हणाल्या, असंच चाललं तर नाव कमी करावं लागेल. मग तुमचा पुडा काढला.

पण एवढ्याशा पातळ तुकड्यावर विश्वास बसतोय होय? जन्म गेला जुन्या साडीच्या जाड घड्यांवर. म्हणून पॅड खाली चिकटवलं आणि वर सवयीची घडी ठेवली. दिवसभर बदकासारखी चालले. संध्याकाळी बघते तर घडी भरलेली, आणि पॅड कोरं करकरीत! (उगाच त्याच्यावर चिडले. त्याला कामच कुठं दिलं होतं मी?) दुसऱ्या दिवशी धीर करून नुसतं पॅड लावलं. काय सांगू वन्सं, शिवता शिवता मी विसरूनच गेले! येताना बसमध्ये खिडकीपाशी ऐसपैस बसले, आणि वेड्यासारखे डोळे भरून आले. इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही हो आम्हाला?

घात झाला तो घरी. आपली रीत, असलं काही धुतल्याशिवाय टाकायचं नाही. मी ते बादलीत भिजवलं, चांगलं चोळलं, पिळलं, आणि ते फाटलं! आतून भिजल्या साबुदाण्यासारखे गोळेच गोळे. पाणी ओतावं तसे आणखी फुगले आणि जाऊन जाळीत बसले. मोरी तुंबली, पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात. तेवढ्यात नाना पाय धुवायला आले आणि ओरडले, "आज उपास न्हाई, आन् साबुदाना कुनी सांडला?" आत्याबाईंनी मात्र बादलीत डोकावून सगळं ओळखलं. तुमच्या आईच त्या, त्यांच्यापासून काय लपतंय? नाना बाहेर गेल्यावर म्हणाल्या, "परत ह्ये घरात दिसलं तर तुजी कंपनी बंद."

वन्सं, मला नोकरी सोडायची नाही. तेव्हा एवढं करा. आत्याबाईंना सांगून टाका, की तुम्ही कॉलेजपासून हेच वापरता, आणि माहेरी आल्यावर दोरीवर वाळत घालता ते कापड नुसतं दाखवायला असतं. शिव्या बसतील, पण तुम्ही लेक आहात. शिव्या देऊन झाल्या की तुम्हाला चहा मिळेल. मला नाही मिळायचा.

तुमच्या इराला गोड पापा.

तुमची,
इंद्रायणी

ता. क. : आत्याबाईंना काहीही सांगू नका! पिशवीचं तोंड बांधत होते, तेवढ्यात त्याच आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "आक्की बादली प्यालं व्हय गं त्ये?" मी व्हय म्हटलं. मग पदराशी चाळा करत एकदाचं सांगून टाकलं. खोकला आला, हसू आलं, की त्यांचं लुगडं ओलं होतं. म्हणून त्या कुणाच्या लग्नाला जात नाहीत. आणि आपण म्हणत बसलो, म्हातारीला माणसं नको झालीत.

आणखी एक : चुलत घरच्या अजिंक्यचं लग्न जवळ आलंय, त्याआधी मोठ्यात मोठ्या मापाचा पुडा पाठवा. कसं लावायचं ते मी शिकवते. आत्याबाईंना मांडवात पुढं बसायचंय, आणि पोट धरून हसायचंय म्हणाल्या.